वाजवणं आणि टिपणं

वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीनचा लिलाव उरकला की गावाकडे निरोप सुटतात. टाइप करत बसायला कोणाला सवड नसते. बटण दाबून धरायचं, ‘काका, सोयाबीन चांगल्या भावानं गेलं जी,’ एवढं बोलायचं आणि बोट उचलायचं. तिकडे रिसोड तालुक्यातल्या एखाद्या गावात काका तो निरोप लावतात. पुतण्याचा आवाज आणि त्यामागचा हमालांचा कालवा त्यांना जसाच्या तसा ऐकू येतो. एका फोनने आवाज टिपला, दुसऱ्याने वाजवला. दोन्ही फोन अँड्रॉइडचे असतील तर दोन्हींच्या तळाशी लिनक्सचं कर्नल असतं, आणि त्या कर्नलमध्ये ध्वनीचं काम पाहणारा एकच विभाग असतो. त्याचं नाव अल्सा.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, प्रोसेसरचा वेळ आणि सगळी उपकरणं त्याच्या ताब्यात असतात. निरोप पाठवणारं अ‍ॅप माइकला थेट हात लावू शकत नाही, त्याला कर्नलकडे मागणी करावी लागते. एखाद्या विशिष्ट चिपशी कसं बोलायचं हे कर्नलच्या ज्या भागाला ठाऊक असतं तो ड्रायव्हर. ध्वनीच्या ड्रायव्हरबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी: तो आवाजाला जवळजवळ हातच लावत नाही. आवाज मोठा करणं, मिसळणं, आकुंचित करून पाठवणं ही कामं बहुतेक वेळा इतरांची असतात. ड्रायव्हरचं मुख्य काम वेळ सांभाळण्याचं. वाजवण्यात आणि टिपण्यात ते वरवर सारखंच दिसतं, पण ते चुकलं तर होणारं नुकसान सारखं नसतं.

सेकंदाला ४८,००० वेळा

माइकपाशी हवेचा दाब बदलतो, त्यामुळे विजेचा दाब बदलतो आणि तो ठरावीक अंतराने मोजून आकड्यांत मांडला जातो. अशा प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात. माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. एखादं कंपन आकड्यांत नीट पकडायचं तर त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्यावे लागतात. म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने ठरले, तर संगणक आणि व्हिडिओसाठी ४८,००० हा आकडा रुळला. ४४,१०० हा विचित्र आकडा आला व्हिडिओ टेपवरून. सुरुवातीच्या काळात डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत. चित्राच्या प्रत्येक रेषेत तीन नमुने, कामाच्या २४५ रेषा आणि सेकंदाला ६० चित्रक्षेत्रं असा तो गुणाकार आहे.

प्रत्येक नमुन्याला १६ बिट, म्हणजे दोन बाइट लागतात. डावा आणि उजवा असे दोन नमुने मिळून चार बाइटची एक फ्रेम होते. ४८,००० ला चाराने गुणलं की सेकंदाला १,९२,००० बाइट होतात. आजच्या प्रोसेसरला हा आकडा किरकोळ आहे. खरी अडचण वेळेची आहे. दर २०.८ मायक्रोसेकंदांनी एक फ्रेम चिपकडे गेलीच पाहिजे, एकही उशिरा पोचून चालत नाही. प्रोसेसर वेगवान असतो, पण वक्तशीर असेलच असं नाही. त्याच वेळी तो पडदा रंगवत असतो, नेटवर्कवरून माहिती घेत असतो, मेमरी कार्डावर लिहीत असतो. दर २०.८ मायक्रोसेकंदांनी त्याला हातातलं काम सोडायला लावलं तर दुसरं काहीच धड होणार नाही.

त्यामुळे फ्रेमा पोचवण्याचं काम प्रोसेसरकडून काढून डीएमए नावाच्या यंत्रणेला दिलेलं असतं. मेमरीतला एक पट्टा तिला नेमून दिला की ती प्रोसेसरला न विचारता तिथून बाइट उचलते आणि चिपला देते. टिपताना चिपकडून घेऊन त्या पट्ट्यात ठेवते. पट्टा संपला की पुन्हा पहिल्या बाइटपासून सुरुवात करते. म्हणून या पट्ट्याला गोल बफर म्हणतात.

खळ्यावरची मळणी पाहिलेल्यांना हा बफर लगेच कळेल. तिवड्याभोवती बैलांची पात एका चालीने फिरत असते आणि माणूस तिच्यापुढे कणसं टाकत राहतो. बैल कोणासाठी थांबत नाहीत. माणूस पाणी प्यायला गेला आणि रेंगाळला तर बैल मोकळ्या जमिनीवरून फिरतात. वाजवताना चिप ही बैलांची पात असते आणि अ‍ॅप हा कणसं टाकणारा माणूस.

एक नेहमीचा बफर घेऊ. त्यात ४,०९६ फ्रेमा, म्हणजे १६,३८४ बाइट मावतात. त्याचे १,०२४ फ्रेमांचे चार भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाला पिरिअड म्हणतात. एक पिरिअड २१.३ मिलिसेकंदांचा, तर पूर्ण फेरी ८५ मिलिसेकंदांची. एक पिरिअड संपला की चिप प्रोसेसरला हटकते. याला इंटरप्ट म्हणतात. आता प्रोसेसरला सेकंदाला ४८,००० ऐवजी सुमारे ४७ वेळाच उठावं लागतं.

संगणक पूर्ण गोठला तर स्पीकरमधून कधी कधी ‘ट्र-ट्र-ट्र’ असा एकच तुकडा वाजत राहतो. तो हा गोल बफरच. प्रोसेसर अडकलेला असतो, नवे नमुने कोणी भरत नाही, पण डीएमए आपली फेरी सोडत नाही. तेच ८५ मिलिसेकंद पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

‘आता कुठे आहेस?’

ड्रायव्हर लिहिणाऱ्याला अल्सा ठरावीक फंक्शनं भरून द्यायला सांगतं. ‘ओपन’मध्ये चिप काय काय करू शकते ते सांगायचं: नमुन्यांचे कोणते वेग, किती चॅनल, बफर किती मोठा. ‘एचडब्ल्यू पॅराम्स’मध्ये अ‍ॅपने निवडलेल्या आकड्यांप्रमाणे तजवीज करायची. ‘प्रिपेअर’मध्ये चिपला सुरुवातीच्या जागी आणून सज्ज ठेवायचं. ‘ट्रिगर’ म्हणजे चालू कर किंवा थांब. आणि ‘पॉइंटर’ म्हणजे एकच प्रश्न: चिप आत्ता बफरमध्ये नेमकी कुठे आहे?

या शेवटच्या प्रश्नावर सगळा डोलारा उभा आहे. अल्सा दोन जागांची नोंद ठेवतं, चिप कुठवर आली आणि अ‍ॅप कुठवर आलं. वाजवताना या दोघांमधलं अंतर म्हणजे शिल्लक माल, टिपताना तेच अंतर म्हणजे साचलेला माल. ड्रायव्हर बफरमधली फक्त जागा सांगतो. किती फेऱ्या झाल्या हा हिशेब अल्साचा मधला थर ठेवतो. इंटरप्ट आला की ड्रायव्हरने ‘एक पिरिअड संपला’ एवढं कळवायचं. मग मधला थर लगेच ‘पॉइंटर’ला विचारतो आणि वाट पाहत बसलेल्या अ‍ॅपला जागं करतो.

काम चार ओळींचं वाटतं, पण जागा सांगणाऱ्या चिपचा नेहमीच भरवसा नसतो. काही चिप नमुने आधीच उचलून स्वतःच्या छोट्या साठ्यात ठेवतात आणि ‘वाजवले’ म्हणून मोकळ्या होतात. काहींचा इंटरप्ट जागेचा आकडा बदलण्याआधीच येतो. इंटेलच्या एचडी ऑडिओसाठी लिनक्समध्ये जो ड्रायव्हर आहे, त्याला चिपची जागा कोणत्या मार्गाने विचारायची हे ठरवणारा ‘पोझिशन फिक्स’ नावाचा पर्यायच द्यावा लागला, कारण तेच मानक पाळणाऱ्या निरनिराळ्या चिप वेगवेगळ्या तऱ्हेने चुकत होत्या. जागा चुकीची कळली तर अ‍ॅप अजून न वाजलेल्या नमुन्यांवर नवे नमुने लिहून बसतं आणि आवाज फाटतो.

आणखी एक बंधन आहे. ‘ट्रिगर’ आणि ‘पॉइंटर’ सहसा अशा अवस्थेत चालतात की त्यांना झोपता येत नाही. कर्नलमध्ये झोपणं म्हणजे काम बाजूला ठेवून एखाद्या गोष्टीची वाट पाहणं. मेमरी मागितली आणि ती मिळायला वेळ लागणार असेल, तर तिथे थांबायची सोय नाही. म्हणून जे लागेल ते ‘एचडब्ल्यू पॅराम्स’ आणि ‘प्रिपेअर’मध्ये आधीच जमवून ठेवायचं. ‘ट्रिगर’ला एखाद्या रजिस्टरमध्ये एक बिट लिहिण्यापलीकडे फारसं काम उरू नये, हे चांगल्या ड्रायव्हरचं लक्षण.

अल्सा कुठून आलं

लिनक्समध्ये आवाज आणला फिनलंडच्या हान्नू सावोलाइनेन यांनी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. साउंड ब्लास्टर कार्डासाठी लिहिलेल्या त्यांच्या ड्रायव्हरमधून पुढे ओएसएस ही व्यवस्था वाढली. एका फाइलमध्ये बाइट लिहिले की आवाज येई, तीच फाइल वाचली की माइकचे बाइट मिळत. ते साधं होतं, पण बऱ्याच कार्डांवर एका वेळी एकच प्रोग्रॅम आवाज काढू शके आणि नव्या कार्डांच्या अनेक सोयी वाया जात. चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी नव्याने ड्रायव्हर लिहिला. त्या कामातून १९९८ पासून अल्सा उभं राहिलं, २००२ मध्ये ते कर्नलच्या विकासशाखेत आलं आणि डिसेंबर २००३ मध्ये निघालेल्या २.६ या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हाती पडलं. तेव्हापासून वाजवणं आणि टिपणं या दोन वेगळ्या वाटा झाल्या. उपकरणाच्या फाइलचं नाव ‘पी’ने संपलं तर वाजवायची, ‘सी’ने संपलं तर टिपायची.

रिता बफर, भरलेला बफर

वाजवताना अ‍ॅप मागे पडलं की बफर रिता होतो. याला अंडररन म्हणतात. टिपताना अ‍ॅप मागे पडलं की बफर भरतो आणि पुढच्या नमुन्यांना जागा उरत नाही. याला ओव्हररन म्हणतात. अल्सामध्ये दोन्हींना मिळून एक्सरन असं एकच नाव आहे आणि दोन्हींवर उपायही एकच: प्रवाह थांबवायचा, अ‍ॅपला चूक कळवायची, अ‍ॅपने पुन्हा ‘प्रिपेअर’पासून सुरुवात करायची.

कर्नलच्या दृष्टीने या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, माणसाच्या दृष्टीने नाहीत. अंडररन झाला तर कट्‌ असा आवाज येतो, पण मूळ फाइल शाबूत असते आणि ती पुन्हा लावता येते. ओव्हररनमध्ये गेलेला आवाज कुठेच नसतो.

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थक्षेत्र आहे. रामनवमीला तिथे देशभरातून लोक येतात. समजा, पोहरादेवीच्या परिसरात कोणी लॅपटॉप आणि यूएसबी माइक घेऊन होळीची लेंगी गीतं टिपायला बसलं आहे. नंगाऱ्यावर, म्हणजे बंजारांच्या नगाऱ्यावर, टिपरू पडतं तेव्हा आवाजाचा सगळा धारदार भाग पहिल्या काही मिलिसेकंदांत येऊन जातो. नंतर उरते ती घुमणारी आस. नेमका तेव्हाच लॅपटॉप मेमरी कार्डावर लिहीत अडकला आणि स्वस्त कार्डाने शंभर-दीडशे मिलिसेकंद उत्तर दिलं नाही, तर ८५ मिलिसेकंदांचा बफर भरून जातो. ठोका जातो, त्यामागचं घुमणं तेवढं राहतं. शब्दांचंही तसंच होतं. अनेक प्रोग्रॅम अशा वेळी काही न सांगता पुन्हा सुरू होतात आणि दोन टोकं जोडून टाकतात. ऐकणाऱ्याला वाटतं, गाणारीने एक अक्षर गिळलं.

लिनक्सवरचा साधा ‘ए-रेकॉर्ड’ हा प्रोग्रॅम याबाबतीत प्रामाणिक आहे. ओव्हररन झाला की तो पडद्यावर ओळ छापतो: ओव्हररन, ‘किमान’ इतके मिलिसेकंद. त्या ‘किमान’ला अर्थ आहे. प्रवाह थांबला कधी हे माहीत असतं, पण आवाज नेमका किती निसटला हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, तेव्हा गावोगावच्या लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. बोली अभ्यासणाऱ्याला एखादा स्वर लांबला की आखूड झाला हे पाहायचं असतं. तिथे वीस मिलिसेकंदांची फट म्हणजे चुकीचा निष्कर्ष. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या काळी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर भारतीय भाषांचे नमुने घेतले, तेव्हा खरखर खूप होती. पण फिरत्या तबकडीवर सुई एकदा टेकली की ती दुसऱ्या कामात गुंतत नसे. संगणकाने खरखर घालवली आणि मधूनच काळ गायब होण्याचा नवा धोका आणला.

माइकचं घड्याळ, लॅपटॉपचं घड्याळ

यूएसबी माइकचा ड्रायव्हर थोडा वेगळा असतो, कारण तिथे चिप लॅपटॉपच्या आत नसून केबलच्या पलीकडे असते. ध्वनीसाठी यूएसबीमध्ये ठरावीक वेळेला सुटणारी पाकिटं वापरतात. साध्या वेगाच्या उपकरणात दर मिलिसेकंदाला एक पाकीट येतं. सेकंदाला ४८,००० नमुने असतील तर प्रत्येक पाकिटात ४८. ४४,१०० असतील तर भागाकार पुरा जात नाही, म्हणून साधारण नऊ पाकिटांत ४४ आणि दहाव्यात ४५. वाटेत एखादं पाकीट बिघडलं तर ते पुन्हा पाठवलं जात नाही, कारण पुन्हा पाठवेपर्यंत पुढच्याची वेळ झालेली असते. पेनड्राइव्हवर फाइल जाताना असा तुकडा पुन्हा पाठवतात. ध्वनीत वेळेला प्राधान्य, पूर्णतेला दुय्यम स्थान.

माइकचे ४८,००० मोजतं माइकमधलं स्फटिकाचं घड्याळ. लॅपटॉपचं घड्याळ वेगळं आणि शेजारी उभ्या कॅमेऱ्याचं आणखी वेगळं. दोन घड्याळांत दर दहा लाखांमागे ५० इतका फरक असणं मुळीच नवल नाही. तासाभरात तो ०.१८ सेकंद होतो. कीर्तनाचं चित्र कॅमेऱ्याने आणि आवाज वेगळ्या माइकने घेतला तर सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, शेवटाकडे जुळत नाहीत. कोणाचीही चूक नसते. टिपताना ड्रायव्हर माइकचंच घड्याळ खरं मानतो आणि येईल तेवढं घेतो. वाजवताना मात्र अनेक यूएसबी उपकरणं उलट दिशेने सांगत राहतात, ‘थोडं जास्त पाठव, थोडं कमी पाठव’, आणि ड्रायव्हर त्याप्रमाणे पाकिटांतले नमुने कमीजास्त करतो.

फोनमधली जोडणी

फोनमध्ये प्रकरण आणखी विखुरलेलं असतं. मुख्य चिप वेगळी, ध्वनीचं आकड्यांत आणि आकड्यांचं ध्वनीत रूपांतर करणारी कोडेक चिप वेगळी. दोन्हींत नमुने नेणारी तार बहुधा आय-टू-एस पद्धतीची असते, जी फिलिप्सने १९८६ मध्ये मांडली. प्रत्येक कंपनी ही जोडणी आपापल्या परीने करते. प्रत्येक फोनसाठी वेगळा आख्खा ड्रायव्हर लिहायची पाळी येऊ नये म्हणून अल्सामध्ये कामाचे तीन वाटे केले. एक कोडेकचा, एक मुख्य चिपचा आणि तिसरा त्या फोनमधल्या जोडणीचा. बॅटरी वाचवण्यासाठी आवाज ज्या वाटेने जात नाही तिथले भाग बंद ठेवतात आणि ते विशिष्ट क्रमाने चालू-बंद करतात. क्रम चुकला तर इअरफोनमध्ये ‘टप्प’ असा धक्का बसतो.

फोनवर बोलताना वाजवणं आणि टिपणं एकाच वेळी चालतं. समोरच्याचा आवाज आपल्या स्पीकरमधून निघतो, आपल्याच माइकमध्ये शिरतो आणि त्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. तो पुसायचा तर आत्ता माइकवर आलेला नमुना किती वेळापूर्वी स्पीकरकडे पाठवला होता, हे नेमकं कळावं लागतं. दोन्ही बाजूंच्या ‘पॉइंटर’ची उत्तरं इथे एकमेकांशी ताडून पाहिली जातात. त्यातलं एक जरी अंदाजपंचे असलं तरी प्रतिध्वनी राहतो.

बफर केवढा ठेवावा

इथे संवाद आणि नुसतं टिपणं यांचे मार्ग पुरते वेगळे होतात. संवादासाठी बफर छोटा लागतो, कारण बफरमध्ये थांबलेला प्रत्येक मिलिसेकंद म्हणजे उशीर. एका बाजूचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे, आणि त्यातला बराचसा नेटवर्क खातं. छोट्या बफरसाठी कर्नलने वेळेवर उठणं भाग असतं. तशी हमी देणारी रिअल-टाइमची सोय अनेक वर्षं वेगळ्या पॅचच्या रूपात होती, ती नोव्हेंबर २०२४ मधल्या ६.१२ या आवृत्तीपासून मुख्य लिनक्समध्ये आली.

नुसतं टिपायचं असेल तर उशिराने कोणाचंच बिघडत नाही. एका माइकसाठी दोन सेकंदांचा बफर म्हणजे १,९२,००० बाइट, एखाद्या लहानशा छायाचित्राएवढे. उपकरण एवढा बफर देत असेल तर तो मागावा. टिपणाऱ्या प्रोग्रॅमनेही कामाची वाटणी करावी. एका धाग्याने (थ्रेडने) फक्त बफरमधून उचलून मोठ्या मेमरीत ठेवायचं, दुसऱ्याने सवडीने कार्डावर लिहायचं. मग कार्ड अडलं तरी उचलणारा अडत नाही.

इतकं करूनही एक्सरन कधीतरी होणारच. म्हणून ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम कधीच चुकत नाहीत का, असं विचारण्यात अर्थ नाही. उशीर झाला तर ते तो कबूल करतात की टोकं जोडून गप्प बसतात, हे पाहावं. टिपायला बसणाऱ्याने पडद्यावरची ती ‘ओव्हररन’ची ओळ प्रत्येक गाण्यानंतर वाचावी. गाणारी बाई अजून समोर असते तोवर ‘आजी, शेवटचं कडवं परत म्हणता का?’ असं विचारता येतं. घरी जाऊन फाइल ऐकताना तो उपाय उरत नाही.